उएलेसे दोनदा चटईखाली बसला

आमच्या चर्चच्या मंडळीला चाळीस वर्षं पूर्ण झाली म्हणून मागल्या वर्षी पुस्तिका काढली. तीत आमच्या मंडळीतले ज्येष्ठ, ज्यांना सगळे वडील म्हणतात, त्या तौतोलोंचा फोटो पाऊण पानभर आहे. उएलेसेचं नाव मात्र एकदाच येतं, शेवटून दुसऱ्या पानावर, 'गाडीचालक, पाच वर्षे'. मी पुस्तिका काढणाऱ्याला विचारलं, बाबा रे, एवढंच? तो म्हणाला, "मावशी, जागा नव्हती." टायरच्या दुकानाची जाहिरात घ्यायला मात्र जागा होती. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. मी काही लिहिणारी बाई नाही. विमानतळाशेजारच्या कारखान्यात विमानातल्या जेवणाचे ट्रे भरण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. पण उएलेसेला मी ओळखत होते, आणि जे झालं त्यात माझाही हात होता, तेव्हा हे मीच सांगायला हवं.

तो आमच्याकडे पहिल्यांदा आला तो जूनमधल्या एका रविवारी. शेवटच्या बाकावर बसला, पायात कत्तलखान्यातले पांढरे रबरी बूट. घरी जाऊन बदलायला वेळ नव्हता की दुसरे बूटच नव्हते, हे मी कधी विचारलं नाही. उपासना संपली, सगळे चहाला गेले, आणि हा आपला खुर्च्या उचलून भिंतीला लावत सुटला. कुणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "अहो पाहुणे, आठाच्या वर रचू नका. नवव्या खुर्चीला मनोरा कोसळतो आणि मग ओरडा मला खावा लागतो."

त्यानं निमूटपणे प्रत्येक मनोऱ्यावरची वरची खुर्ची काढली. मग विचारलं, "पुढल्या रविवारी पण मीच लावू का?"

त्या आवाजाला मी फसले, असं म्हणायला हरकत नाही. खुर्च्या लावायला कुणी अशी परवानगी मागताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

हळूहळू त्याची हकिकत कळली. तो सामोआतल्या सवाई बेटाचा, पण गाव सांगताना अडखळायचा. आम्हा सामोअन लोकांत कुणी भेटलं की पहिला प्रश्न गावाचा आणि दुसरा घराण्याचा, त्यामुळे त्याचं अडखळणं लगेच लक्षात यायचं. तो दहा वर्षांचा असताना गावच्या सभेनं त्याच्या बापाला हाकलून दिलं होतं. कारण जमिनीचं होतं की बापाच्या तोंडाचं, त्याला नीट माहीत नव्हतं. सूर्य मावळायच्या आत डुकरं, भांडी, अंथरुणं घेऊन निघा, असा हुकूम झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सख्खे चुलते उभे होते आणि कुणी मान वर करून पाहिलं नाही. बाप पुढे कुठल्याच गावात रुजला नाही. उएलेसे इथं न्यूझीलंडला, ऑकलंडला आला, लग्न केलं, बायको तीन वर्षांनी दुसऱ्याबरोबर ब्रिस्बेनला गेली. ऑकलंडच्या आमच्या मांगेरे भागात त्याच्या रक्ताचं एकही माणूस नव्हतं. सामोअन माणसाला भाऊबंद नाहीत म्हणजे काय हे मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. आमच्यात भिकारीसुद्धा कुणाचा तरी पुतण्या असतो.

म्हणून तो मंडळीला चिकटला. दुसरा शब्द नाही. गवत कापलं, गळकं छप्पर शाकारलं, तारोच्या कंदांची पोती सोलली, रविवारचं जेवण ज्यांच्यावर भाजतात ते दगड पहाटे येऊन तापवले. आम्ही त्याच्यावर कामं ढकलत गेलो आणि तो घेत गेला. दुसऱ्या वर्षी एका वृद्धाश्रमानं त्यांची जुनी बारा जणांची गाडी आम्हाला दिली, तेव्हा तिची किल्ली कुणाकडे द्यायची यावर चर्चासुद्धा झाली नाही.

त्या गाडीनं त्याला माणसांत आणलं. गुडघे गेलेल्या आमच्या सगळ्या म्हाताऱ्या तो दारातून उचलून आणायचा. कुणाला पायरीवर हात लागतो, कुणाला पुढची सीट लागते, कोण मांजर बाहेर काढल्याशिवाय दार लावत नाही, सगळं त्याला पाठ. म्हाताऱ्या त्याला छळायच्या. साला नावाची आमची एक सगळ्यात वयस्कर बाई होती, तिला तर रोज तोच विषय.

"पोरा, किती दिवस असा म्हाताऱ्या फिरवणार? एखादी तरुण बसव की पुढच्या सीटवर."

"पुढच्या सीटवर तुम्ही असता, आजी. तिला बसवू कुठं?"

"मी मागं जाते. माझं काय, मी आता देवाच्या गाडीची वाट बघतेय."

"ती गाडी पण मलाच चालवायला लावतील," तो म्हणायचा, आणि गाडीभर म्हाताऱ्या खिदळायच्या.

सहाव्या वर्षी पाळकसाहेबांनी, आमच्या धर्मगुरूंनी, त्याला सेवक म्हणून निवडायचं बोलून दाखवलं. सेवक म्हणजे प्रभुभोजनाच्या रविवारी पांढरा कोट घालून पुढे बसायचं. त्या रात्री त्यानं मला फोन केला, "मावशी, ते मला गाव विचारतील का?" मी म्हटलं, "विचारलं तर आमच्या मंडळीचं नाव सांग. तेच तुझं गाव." बोलायला मला काय जातंय. पण त्यानं ते खरं धरलं.

मे महिन्यात एका शनिवारी गाण्याची तालीम होती. मी आणि मोएलागी नेहमी शेजारी बसायचो, दोघी खालच्या पट्टीतल्या. मोएलागी माझ्या लेकीच्या वयाची, शांत बाई, तिचा नवरा फेरेती बर्फाच्या गोदामात कामाला. त्यांची एकुलती मुलगी एलेनोआ, पाच वर्षांची, आमच्या पायात घुटमळत असायची. तालीम संपत आली तशी उएलेसे बाहेर गाडी काढायला गेला. सालाआजीचे पाय त्या दिवशी फार सुजले होते, म्हणून तिच्या सांगण्यावरून त्यानं गाडी मागे घेत थेट पायरीपर्यंत आणायचं ठरवलं. एलेनोआ गाडीच्या मागे होती.

याहून जास्त मी लिहिणार नाही.

पोलीस आले, मोजमापं घेतली, त्याची जबानी घेतली. वेग नव्हता, दारू नव्हती, आरशात दिसणं शक्य नव्हतं. अपघात, असं त्यांनी सांगितलं आणि त्याला घरी सोडलं. उएलेसे चौकीच्या दारातून हलेना. मी आणायला गेले तर पोलिसाला विचारत होता, "नक्की काहीच नाही? नक्की?" त्याला कुणीतरी शिक्षा करावी यासाठी तो हात जोडत होता आणि तो गोरा पोरगा त्याला पाण्याची बाटली देत होता.

आता आमची रीत. ज्याच्या हातून माणूस जातं तो पहाटे त्या घरासमोर जाऊन जमिनीवर बसतो, डोक्यावरून मानाची चटई घेऊन. मागे त्याचे भाऊबंद आणि त्याच्या गावचे मानकरी बसतात. आतल्या माणसांनी येऊन चटई उचलली तर माफ. नाही उचलली तर बसून राहायचं, आणि दगड आले तर दगड घ्यायचे. उएलेसेला ना भाऊबंद, ना मानकरी, ना चटई. तो मंडळीकडे आला, त्याचं गाव तेच.

पाळकसाहेबांच्या घरी रविवारी दुपारी बैठक बसली. तौतोलो वडील आमच्यातले मोठे वक्ते, त्यांना दोन वाक्यांचं काम असलं तरी वीस लागतात. त्यांनी ठरवलं की बसायचं ते सोमवारी पहाटे, चर्चच्या दारात.

मी चहा देत होते. म्हटलं, "चर्चच्या दारात का? मूल फेरेतीच्या घरचं गेलंय. त्याचं घर दोन गल्ल्या सोडून आहे."

"बाई, तिथे शेजारी गोरे आहेत. अंगणात माणसं बसलेली पाहिली की पोलीस बोलावतील. शिवाय मोएलागीचे तीन भाऊ उद्या दुपारी सिडनीहून पोचतायत. ते उतरायच्या आत हे मिटलं पाहिजे, नाहीतर आणखी एक जीव जाईल."

"आणि मोएलागी?"

"फेरेती येतोय. नवरा आला की बायको आलीच. आणि आपण सगळे एकच घर आहोत, लितारा. घरानं माफ केलं की झालं."

भावांची भीती खोटी नव्हती, ते मी मान्य करते. पण 'एकच घर' हे ते ज्या सुरात म्हणाले त्यात मला त्यांच्या भाषणाची तयारी ऐकू आली. मी तेव्हाच कप आपटून बाहेर जायला हवं होतं. त्याऐवजी घरी गेले आणि गादीखालची चटई काढून आणली. माझ्या आजीनं विणलेली, कापडासारखी मऊ, कडेला लाल पिसं. माझ्या शवपेटीवर पडायची होती ती.

सोमवारी पहाटे उएलेसे बसला. मी चटई टाकली. मागे तौतोलो, पाळकसाहेब, आम्ही बायका. समोरून फेरेती आला, दोन दिवस न झोपलेला, नजर कुठेच ठरत नसलेला. तौतोलोंनी त्याच्या कोपराला धरून पुढे नेलं आणि त्यानं चटई उचलली. किटलीला उकळी यायला लागतो तेवढाच वेळ सगळ्याला लागला. मग प्रार्थना, मग भाषण, ते मात्र लांबलं. लोक रडले, उएलेसेच्या गळ्यात पडले. पाव आणि कोको झाला. चटई रीतीप्रमाणे फेरेतीनं घरी न्यायची असते. तो मला हळूच म्हणाला, "मावशी, ही मी आत्ता नेली तर मोएलागी विचारेल कुठून आली." मी घडी करून हॉलच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्याच कमरेला असते.

त्यावेळी मोएलागी घरी बहिणींच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, आणि तिच्या वतीनं आम्ही माफ करून मोकळे झालो होतो.

तिला कळलं ते मयतीच्या दिवशी. हॉलमध्ये पाहुण्यांना बसायला खुर्च्या कमी पडल्या, आणि उएलेसे पांढरा शर्ट घालून, मान खाली घालून, नेहमीसारखा खुर्च्या घेऊन आला. त्याला येऊ नको म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मोएलागीनं शवपेटीजवळून मान वर केली.

"हा इथं कसा?"

शेजारच्या बाईनं मोठ्या मायेनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "झालं गं सगळं. सोमवारीच बसला तो. माफ केलं त्याला."

"कुणी?"

बाईनं फेरेतीकडे पाहिलं, फेरेतीनं तौतोलोंकडे, तौतोलोंनी छताकडे. मी माझ्या चपलांकडे. मोएलागीनं पुन्हा विचारलं नाही. तिचे भाऊ आडदांड होते, एका शब्दासरशी उएलेसेचा चेंदामेंदा केला असता. तिनं त्यांनाही काही सांगितलं नाही. पोरीला मातीत ठेवून ती घरी गेली आणि त्यानंतर चर्चमध्ये आली नाही. फेरेती एकटा यायचा, मागे बसायचा आणि चहाला न थांबता जायचा.

मंडळीनं उएलेसेला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. रोज कुणीतरी त्याच्याकडे डबा पाठवायचं, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, डुकराच्या बरगड्या. तो डबे धुऊन परत करायचा. खायचा की नाही देव जाणे, गळ्याची हाडं वर यायला लागली होती. गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली तर ती त्यानं बाकावर ठेवली आणि चालत गेला. सालाआजीनं त्याला जवळ बसवलं. "पोरा, मीच तर म्हटलं होतं पायरीशी आण. माझे पाय कापून टाकू का आता?" तो तिच्या सुजलेल्या पायांवर डोकं टेकून रडला, आणि आजी वरच्या कौलांकडे बघत बसली.

जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, एका संध्याकाळी मी हॉल बंद करत होते, तर तो आत. शौचालयं घासत होता. तिसऱ्यांदा.

"उएलेसे, बस झालं. जा घरी."

"मावशी, जिचं गेलं तिनं मला पाहिलं पण नाही." फरशीकडे बघतच तो बोलत होता. "तुम्ही सगळे माझ्याशी गोड वागता. मला ते गिळवत नाही. ज्यांचं काही गेलं नाही त्यांनी माफ करून काय होतं? मला तिच्या दारात बसायचंय."

"तौतोलोंना विचारलंस?"

विचारलं होतं. तौतोलो म्हणाले होते, चटई एकदा उचलली की उचलली. पुन्हा बसणं म्हणजे आम्ही दिलेली माफी खोटी ठरवणं. तू गेलास तर या मंडळीत परत पाऊल टाकायचं नाही.

मला आधी तौतोलोंचा राग आला आणि मग, खरं सांगते, उएलेसेचा. "मग काय करणार? बापासारखा बोचकं घेऊन निघणार? सेवक व्हायचा होतास तू! तिनं दार नाही उघडलं तर? इकडचा पण गेलास आणि तिकडचा पण. कुठं जाशील मग?"

"कुठंच नाही," तो म्हणाला. "आत्ता तरी कुठं आहे?"

मी त्याला पुष्कळ बोलले. मूर्ख म्हटलं, आणखीही काही म्हटलं. तो ब्रश धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "चटई तुमची आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी पोतं घेऊन बसेन."

माझ्या आजीची चटई त्या कपाटात घड्याळाच्या जुन्या खोक्यांखाली पडली होती, आणि हा पोतं घेऊन बसणार. मी कपाट उघडलं.

शनिवारी पहाटे आम्ही दोघंच गेलो. मागे बसायला मानकरी हवेत, घराण्याची मानाची पदवी असलेली माणसं हवीत. माझ्याकडे पदवी नाही, गुडघेही धड नाहीत, पण एकट्यानं कुणी बसू नये एवढं मला कळतं. गवतावर दव गोठलेलं, पायाखाली करकरत होतं. उएलेसे कमरेला साधी लुंगी गुंडाळून, वर उघडा, त्यांच्या पायरीपासून चार हातांवर मांडी घालून बसला. मी त्याच्या डोक्यावरून चटई सोडली आणि मागे गवतावर बसले. काही वेळानं चटई हलायला लागली. तो थंडीनं थरथरत होता.

शेजारचा गोरा माणूस गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायला बाहेर आला, आमच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "नाही." त्यानं टोपी काढली, परत घातली, आणि तो कामावर गेला. गोऱ्यांच्या भीतीनं आम्ही चर्चच्या दारात बसलो होतो म्हणे.

दार फेरेतीनं उघडलं. तो एकदम पांढरा पडला. दार मागे ओढून घेत हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, घेऊन जा त्याला. ती आत्ताच कुठं झोपायला लागलीय. हे सगळं झालंय ना एकदा."

"तुझं झालंय."

"मी उचलली होती चटई. सगळ्यांच्या देखत."

"तुझ्या कोपराला धरलं होतं त्यांनी, फेरेती. मी मागेच होते."

तो माझ्यावर ओरडणार होता. तोंड उघडलं होतं त्यानं. तेवढ्यात त्याच्यामागून मोएलागी बाहेर आली, नवऱ्याचा गोदामातला जाड कोट अंगावर, पाय अनवाणी. दोन महिन्यांत तिचं वय वीस वर्षांनी वाढलं होतं. मी उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी साथ दिली नाही. मग बसूनच बोलले. रीतीची भाषा मला येत नाही, लांबलचक नावं, वाऱ्यांची, डोंगरांची. मी म्हटलं, "मोएलागी, हा तुझ्या दारात आलाय. आधी यायला हवं होतं. तुला न विचारता आम्ही केलं. मी पण होते त्यात. दगड मारायचे तर मार, मी बाजूला सरकते."

ती चटईकडे बघत राहिली. चटई थरथरत होती. वरून दोन विमानं गेली. ती पायरी उतरली, गोठलेल्या गवतावरून चालत आली आणि वाकून चटईची कड हातात धरली. माझ्या तोंडून आपोआप प्रार्थना सुरू झाली, उचल बाई, उचल.

तिनं कड उचलली, हातभर. मग गुडघे टेकले आणि त्या फटीतून आत शिरली. कड तिच्या पाठीवर पडली. चटईखाली आता दोन माणसं होती.

असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

आतून तिचा आवाज आला, खालच्या पट्टीतला, तालमीत माझ्या कानाशी असायचा तोच. "माझा चष्मा गाडीत राहिला होता. मला ओळी दिसत नव्हत्या. मी पाठवलं तिला. म्हटलं, पळत जा आणि घेऊन ये."

उएलेसे काहीतरी म्हणाला, मला कळलं नाही.

"मी कुणालाच सांगितलं नाही," ती म्हणाली. "सगळे तुझ्याकडे बघत होते. मी बघू दिलं. तू माझ्याकडे माफी काय मागतोस?"

मी तिच्या शेजारी बसले होते त्या दिवशी. आमच्या खुर्च्यांमध्ये वीतभर अंतर होतं. पोरीला काहीतरी सांगितलं असणार, पोर उठून गेली असणार, आणि मी वरच्या पट्टीतल्या बायका कुठं चुकतात ते ऐकत होते. हे मला त्या गवतावर बसल्या बसल्या आठवलं आणि तेव्हापासून रोज आठवतं.

"फेरेती," चटईखालून तिनं हाक मारली. "तू उठव आम्हाला. दोघांना."

फेरेती पायरीवर उभा होता. बाप होता तो त्या पोरीचा, आणि त्याला चष्म्याचं आत्ता कळलं होतं. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं आणि नजर वळवली, ते माझ्यासाठी नव्हतं. तो वळून आत गेला. दार उघडंच होतं, आतून काही आवाज आला नाही. मला वाटलं, संपलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

शेजारच्या घराच्या पन्हाळीतून बर्फ वितळून थेंब पडायला लागले तेव्हा तो बाहेर आला. चेहरा धुतलेला होता. कुणी त्याच्या कोपराला धरलं नव्हतं. तो खाली आला, दोन्ही हातांनी चटई धरली आणि उचलली. नीट घडी घातली, छातीशी धरली आणि म्हणाला, "उठा."

उएलेसेचे ओठ निळे पडले होते. तो आधी हातांवर आला, मग गुडघ्यांवर, मग उभा राहिला. फेरेतीनं त्याला एका हातानं आधार दिला. उएलेसे त्याच्या खांद्यावर कोसळला आणि असा रडला की पलीकडच्या घरातली कुत्री भुंकायला लागली. सहा वर्षांत मी त्याला उभं राहून रडताना पाहिलं नव्हतं.

"मोएलागी, ऊठ," फेरेती म्हणाला. "मी उचलली. बघ, उचलली."

मी रांगत तिच्याजवळ गेले, तिचे खांदे धरले, कोटासकट तिला हलवलं. ती गवतावर तशीच मान खाली घालून बसली होती, चटईखाली बसतात तशी. डोक्यावर आता काहीच नव्हतं. आम्ही तिघांनी तिला उठवायचा प्रयत्न केला, पण ती उठली नाही.